लोखंडाची भेसळ

विसाव्या शतकाच्या तोंडावर थॉमस एडिसन विजेच्या मोटारींसाठी नवी बॅटरी बनवण्याच्या मागे लागला होता. शिशाच्या बॅटऱ्या जड होत्या आणि त्यांत आम्ल होतं. एडिसननं एका बाजूला निकेल, दुसऱ्या बाजूला लोखंड आणि मध्ये कॉस्टिक पोटॅशचं द्रावण अशी जुळणी केली. बॅटरी दणकट निघाली. जास्त चार्ज केली तरी बिघडत नसे, महिनोन्महिने पडून राहिली तरी कुरकुर करत नसे. पण तिला एक खोड होती. चार्ज करायला लावली की सगळी वीज साठवण्याऐवजी थोडी वीज ती पाणी फोडण्यात घालवी. बुडबुडे येत आणि वरचेवर पाणी भरावं लागे. निकेलच्या बाजूला लोखंडाचा अंश शिरला की ही खोड बळावते, हे त्या धंद्यातल्या माणसांच्या हळूहळू लक्षात आलं. १९५२ साली टिचेनर यांनी निकेल ऑक्साइडमध्ये परक्या धातूंचे अंश मिसळले की काय होतं, यावर सविस्तर शोधनिबंधच लिहिला. बॅटरीवाल्यांच्या दृष्टीनं लोखंड म्हणजे भाताच्या घासात लागलेला खडा होता.

त्या बुडबुड्यांमध्ये निकेलच्या बाजूनं ऑक्सिजन निघत होता आणि लोखंडाच्या बाजूनं हायड्रोजन. आज आपल्याला हवा आहे तो हाच हायड्रोजन. कमीत कमी विजेत पाणी फोडणारा स्वस्त पदार्थ जगभरच्या प्रयोगशाळा शोधत आहेत, आणि आतापर्यंत हाती लागलेल्या उत्तरांपैकी सगळ्यात भरवशाचं उत्तर म्हणजे ती जुनी खोड आहे. निकेल आणि त्यात लोखंडाची भेसळ.

हे समजून घ्यायचं तर आधी विजेचा हिशेब मांडावा लागेल. तो अवघड नाही.

एक किलो हायड्रोजन मिळवायला ठरावीक संख्येनं इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात. त्यात काटकसरीला वाव नाही, कारण ती संख्या निसर्गानं ठरवून दिली आहे. ते इलेक्ट्रॉन किती व्होल्टच्या जोरानं ढकलावे लागतात, एवढंच आपल्या हातात असतं. पाणी ज्यात फोडतात त्या घटावर लावलेल्या प्रत्येक व्होल्टमागे किलोला २६.६ युनिट वीज लागते. शास्त्राच्या हिशेबानं पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट पुरतात. मात्र त्यात थोडी उष्णता बाहेरून मिळेल असं धरलेलं असतं. ती उष्णताही विजेतूनच घ्यायची तर १.४८ व्होल्ट लागतात, म्हणजे किलोला सुमारे ३९.४ युनिट. प्रत्यक्ष कारखान्यात घट चालतो १.८ ते २ व्होल्टवर आणि बिल येतं ४८ ते ५३ युनिटांचं. मधला फरक हा व्होल्टचा वरखर्च. तो उष्णता होऊन उडून जातो. उत्प्रेरकाचं काम हा वरखर्च कमी करण्याचं.

एक दशांश व्होल्ट वाचला तर किलोमागे २.६६ युनिट वाचतात. युनिटला ५ रुपये धरले तर १३ रुपये. भारत सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. त्यात उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं ठेवलं होतं. तेवढ्या हायड्रोजनवर हा एक दशांश व्होल्ट वर्षाला १,३३० कोटी युनिट वाचवतो. उत्प्रेरकाची किंमत मोजताना धातूचा भाव शेवटी बघावा आणि हा व्होल्टचा हिशेब आधी करावा, असं मला वाटतं. फुकटातला उत्प्रेरक जर दोन दशांश व्होल्ट जास्त खात असेल तर तो महागच पडला.

मग सगळ्यांत उत्तम असेल तो धातूच का वापरू नये? हा प्रश्न पाणी फोडण्याच्या शोधाइतकाच जुना आहे. व्होल्टा यांच्या विद्युत चळतीची बातमी १८०० साली लंडनला पोचली आणि त्याच वर्षी विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी ती चळत वापरून पाण्यातून वीज सोडली. आधी त्यांनी पितळेच्या तारा वापरल्या. ऋण बाजूच्या तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. धन बाजूच्या तारेवर मात्र ऑक्सिजन दिसेना, ती तारच काळवंडून खाल्ली जाऊ लागली. प्लॅटिनमच्या तारा लावल्यावर दोन्हीकडून वायू निघाले. म्हणजे ऋणाग्राचं दुखणं वेगळं आणि धनाग्राचं वेगळं, हे पहिल्याच प्रयोगात दिसून आलं होतं. धनाग्रावर ऑक्सिजन जन्माला येतो, आणि नवजात ऑक्सिजनच्या तोंडी टिकून राहणं फार थोड्या पदार्थांना जमतं.

आधी ऋणाग्राकडे पाहू. तिथलं काम सोपं आहे. हायड्रोजनचा अणू पृष्ठभागावर बसला पाहिजे, दुसऱ्या अणूशी त्याची जोडी जमली पाहिजे आणि जोडीनं निघून गेलं पाहिजे. घाटातल्या चहाच्या टपरीसारखं हे आहे. गाडी थांबलीच नाही तर धंदा नाही, आणि प्रवासी मुक्कामालाच राहिले तर मागून येणाऱ्यांना बसायला जागा नाही. काही धातू हायड्रोजनला धरतच नाहीत, काही सोडत नाहीत. प्लॅटिनम बेताचं धरतं आणि वेळेवर सोडतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांनी उत्प्रेरकांबद्दल मांडलेलं हे तत्त्व आजही या क्षेत्राचा पाया आहे. धातूंचा आलेख काढला तर तो डोंगरासारखा दिसतो आणि शिखराजवळ प्लॅटिनम बसलेलं असतं.

शिखरावर दुसरं कोण चढू शकेल? याचं एक उत्तर जीवाणूंकडून आलं. काही जीवाणू प्लॅटिनमशिवाय हायड्रोजन बनवतात. त्यांच्या विकरांमध्ये लोह, निकेल आणि गंधक असतं. हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या विकरात लोहासोबत मॉलिब्डेनम असतं. २००५ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी गणितानं दाखवलं, की मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या कडांवर हायड्रोजन जवळपास प्लॅटिनमसारखाच बसतो. हा पदार्थ काही नवा नव्हता. काळा, बुळबुळीत, यंत्रांच्या ग्रीसमध्ये घालतात तोच. १९७० च्या दशकात त्याचे मोठे स्फटिक तपासून ते या कामाला निरुपयोगी असल्याचा निकालही देऊन झाला होता. निकाल बरोबर होता, पण तो स्फटिकाच्या सपाट अंगाबद्दलचा होता. या पदार्थाचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. पान गुळगुळीत आणि निष्क्रिय, सगळी करामत पानाच्या काठावर. २००७ मध्ये हारामियो, चोर्केनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या पृष्ठभागावर या पदार्थाची इवलीशी बेटं तयार करून मोजणी केली. हायड्रोजन निघण्याचा वेग बेटांच्या क्षेत्रफळाबरोबर वाढत नव्हता, काठाच्या लांबीबरोबर वाढत होता. त्यानंतर लोक काठच काठ असलेले नमुने बनवायला लागले, थरांना भोकं पाडायला लागले, ते चुरगाळायला लागले. पुढे मॉलिब्डेनम कार्बाइड आलं, २०१३ मध्ये निकेल फॉस्फाइड आलं. आम्लातही तग धरणारा आणि मौल्यवान धातू नसलेला ऋणाग्र-उत्प्रेरक मिळू शकतो, एवढं त्यातून नक्की झालं.

अल्कलीत, म्हणजे कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात, त्याहून साधा उपाय शंभर वर्षांपासून आहे. मरे रेनी या अमेरिकन अभियंत्यानं १९२० च्या दशकात निकेल आणि ॲल्युमिनियम एकत्र वितळवून त्यातलं ॲल्युमिनियम कॉस्टिकनं धुऊन काढलं. मागे उरलं ते स्पंजासारखं सच्छिद्र निकेल. एका चिमटीत प्रचंड पृष्ठभाग! त्याला हे हवं होतं ते वनस्पती तेलात हायड्रोजन मुरवून ते घट्ट करण्यासाठी. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डब्यातून घरात आलेलं वनस्पती तूपही तेलात निकेलच्याच मदतीनं हायड्रोजन मुरवून बनवलेलं. हायड्रोजन आत घालायला जो धातू चांगला, तोच बाहेर काढायलाही चांगला. अल्कलीवर चालणाऱ्या इलेक्ट्रोलायझरची, म्हणजे पाणी फोडणाऱ्या यंत्रांची, ऋणाग्रं आजही बऱ्याचदा अशा सच्छिद्र निकेलची असतात.

खरी डोकेदुखी धनाग्राची. ऑक्सिजनचा एक रेणू बनायला चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढावे लागतात आणि मध्ये तीन टप्पे येतात. पृष्ठभागावर आधी हायड्रॉक्साइड चिकटतो, मग नुसता ऑक्सिजन उरतो, मग त्याला दुसरा हायड्रॉक्साइड येऊन भिडतो. या तिघांचं पृष्ठभागाशी असलेलं नातं एकमेकांत गुंतलेलं आहे. एकाची पकड सैल करायला जावं तर दुसऱ्याचीही सैल होते. त्यामुळे साध्या पृष्ठभागावर सुमारे ०.३ ते ०.४ व्होल्टचा वरखर्च टाळता येत नाही. उत्प्रेरक चांगला नसेल तर तो याहून कितीतरी वाढतो.

आम्लधर्मी पडद्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये हे काम इरिडियमचं ऑक्साइड करतं. हे इलेक्ट्रोलायझर आटोपशीर असतात, चौरस सेंटिमीटरला १ ते २ अँपिअर सहज पेलतात आणि सौरऊर्जेच्या चढउतारांशी चटकन जुळवून घेतात. अडचण एकच आहे. इरिडियम जगात वर्षाला सातआठ टन मिळतं. तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणीतलं जोडउत्पादन म्हणून. भाव वाढला म्हणून त्याची वेगळी खाण काढता येत नाही. आजच्या पद्धतीच्या १ गिगावॉट इलेक्ट्रोलायझरना साधारण ४०० किलो इरिडियम लागतं. जगातलं सगळं इरिडियम एकाच कामाला लावलं तरी वर्षाला वीसेक गिगावॉटच्या पुढे जाता येणार नाही. इथे अडचण नुसती पैशांची नाही, मालाचीच आहे. म्हणून इरिडियम कमी करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. जपानच्या रिकेन संस्थेनं २०२४ मध्ये मँगनीज ऑक्साइडवर इरिडियमचे सुटे सुटे अणू पेरून त्याची गरज ९५ टक्क्यांनी कमी करता येते असं दाखवलं. इरिडियम पूर्ण वगळून कोबाल्ट आणि टंगस्टनच्या ऑक्साइडवर चालणारा आम्लातला घटही त्याच वर्षी स्पेनमध्ये ६०० तास चालला.

मँगनीजचं नाव निघालं म्हणून थोडं थांबतो. पाणी फोडणारा पृथ्वीवरचा सगळ्यात जुना कारखाना प्रत्येक हिरव्या पानात आहे, आणि त्याचा उत्प्रेरक म्हणजे मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि त्यांना जोडणारे ऑक्सिजनचे पाच. ही रचना २०११ मध्ये जपानी संशोधकांनी अणू न् अणू दिसेल इतकी स्पष्ट उलगडली. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीच्या सेलसाठी जातं. लहानपणी संपलेला सेल फोडल्यावर हात काळे करणारी जी पूड निघायची, तिच्यात हेच असायचं. म्हणजे पानाचा कच्चा माल अगदी स्वस्त आहे. पण पानाची खरी ताकद धातूत नाही, दुरुस्तीत आहे. तीव्र उन्हात त्या उत्प्रेरकाला धरून ठेवणारं प्रथिन खराब होत राहतं, आणि पान ते तासाभराच्या आत काढून नवं बसवतं. अखंड. आपल्या लोखंडी-निकेली पत्र्याला ही सोय नाही, असंच पुष्कळ दिवस वाटत होतं.

आता पुन्हा अल्कलीकडे, आणि त्या खड्याकडे.

१९८७ साली जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या डेनिस कॉरिगन यांनी निकेल ऑक्साइडचे पातळ थर तपासले. त्यांना आढळलं, की लोहाचं प्रमाण ०.०१ टक्का इतकं क्षुल्लक असलं तरी ऑक्सिजन निघण्यावर त्याचा परिणाम दिसतो. प्रमाण वाढवलं की थर झपाट्यानं कार्यक्षम होत जातो. निबंध छापून आला, काहींनी वाचला, आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं बहुतेक जण निकेललाच चांगला उत्प्रेरक म्हणत राहिले. निकेलचं धनाग्र पोटॅशमध्ये काही दिवस चाललं की आपोआप सुधारतं, असा सगळ्यांचा अनुभव होता. त्याचं कारण निकेलच्या अंतर्गत रचनेत शोधलं जाई. जुनं होताना त्याचे थर नीट लागतात, म्हणून ते सुधारतं, असं पाठ्यपुस्तकी उत्तर तयार होतं.

२०१४ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या शॅनन बोएचर यांच्या गटानं ते उत्तर तपासायचं ठरवलं. बाजारात शुद्ध म्हणून मिळणाऱ्या पोटॅशमध्येही लोहाचा अंश असतोच. त्यांनी तो काढून टाकला, आणि काढण्याची रीत फार सुंदर आहे. अतिशुद्ध निकेल हायड्रॉक्साइडचा साका पोटॅशच्या द्रावणात टाकून ढवळायचा. साका लोह ओढून घेतो आणि खाली बसतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसं. काचेची भांडी वापरायची नाहीत, कारण पोटॅश काच खातं आणि काचेतलंही लोह द्रावणात उतरतं. सगळं प्लॅस्टिकमध्ये. इतका बंदोबस्त करून त्यांनी निकेलचा थर चालवून बघितला. तो सुधारला नाही. जुना होऊनही नाही. निकेल हा ऑक्सिजनसाठी अगदी सुमार उत्प्रेरक निघाला. साधं, न गाळलेलं पोटॅश घातल्याबरोबर मात्र तो पहिल्यासारखा कामाला लागला. कित्येक वर्षं निकेलच्या नावावर जमा झालेलं काम लोखंडाचं होतं.

या निष्कर्षाचं मला फार अप्रूप वाटतं. विज्ञानात मोठा शोध बऱ्याचदा नवं काही जोडून लागतो, इथे तो एक गोष्ट काढून घेतल्यानं लागला.

त्यानंतर निकेल आणि लोह मुद्दाम एकत्र करण्याला ऊत आला. निकेलच्या जाळीवर किंवा फोमवर दोन्हींच्या क्षारांच्या द्रावणातून पातळ थर चढवला की काम होतं. साध्या तापमानाला, साध्या भांड्यात. चार अणूंत एखादा लोहाचा, असं प्रमाण साधारण चांगलं ठरतं. लोखंड खूप झालं तर ते वेगळं साठून थर बिघडवतं. ऑक्सिजन नेमका लोहाच्या अणूवर बनतो की शेजारच्या निकेलवर, यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहेत. दोन्ही बाजूंकडे चांगले पुरावे आहेत. पण लोखंड नसेल तर काम होत नाही, यावर वाद उरलेला नाही. हिरव्या पानातला दुरुस्तीचा प्रकारही इथे अनपेक्षितपणे भेटतो. चालू धनाग्रावरून लोहाचे अणू सुटून द्रावणात जातात आणि द्रावणातले दुसरे अणू येऊन त्यांच्या जागी बसतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी ही ये-जा मोजली. द्रावणात लोहाचा किंचितसा अंश सतत असेल तर धनाग्र तरुण राहतं. अंश काढून घेतला की ते थकतं.

मग अडलंय कुठे? काळात. बहुतेक शोधनिबंधांत उत्प्रेरकाची परीक्षा चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर धारेवर आणि काही तास, फार तर काही दिवस होते. अल्कलीवरचा कारखान्यातला घट याच्या वीस ते चाळीस पट धारेवर, ७० ते ९० अंश सेल्सिअसला, २५ ते ३० टक्के पोटॅशमध्ये चालतो आणि त्यानं किमान ६०,००० तास काम करावं अशी अपेक्षा असते. सलग चालवला तरी जवळपास सात वर्षं. थर फोमवरून सुटतो, बुडबुडेच त्याला खरवडतात. त्यात सौरऊर्जेची भर. संध्याकाळी वीज गेली की घटांच्या चळतीत उलटी धारा वाहते, कारण ऋणाग्राजवळचा हायड्रोजन आणि धनाग्राजवळचा ऑक्सिजन मिळून काही काळ बॅटरीसारखे वागतात. दिवसभर हायड्रोजन देणारं निकेल रात्री गंजतं आणि सकाळी पुन्हा मूळ रूपात यायला धडपडतं. रोज. जलविद्युतवर रात्रंदिवस एकसारखे चालणारे जुने कारखाने या त्रासातून सुटले होते. नॉर्वेमध्ये रुकानला १९२९ पासून खतासाठी असा हायड्रोजन बनत असे. दुसऱ्या महायुद्धात ज्या जड पाण्यासाठी तिथे घातपात झाला, ते या अपघटनातच मागे उरत जाई. पंजाबात नांगलला भाक्र्याच्या विजेवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच सुरू झालं आणि १९६२ मध्ये देशातलं पहिलं जड पाणीही तिथेच निघालं. या त्रासावर उतारा म्हणून नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये फोक्को मुल्डर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तर एडिसनची बॅटरीच परत आणली. आधी वीज साठवायची, ती भरली की त्याच बुडबुड्यांतून हायड्रोजन घ्यायचा. चार्ज करणं, थांबणं, उलट वाहणं हा तिचा स्वभावच असल्यानं संध्याकाळची भीती तिला कमी.

जुन्या इलेक्ट्रोलायझरमध्ये ऋणाग्रं पोलादाची असत. धनाग्रंही पोलादाचीच, वरून निकेलचा मुलामा दिलेली. टाक्या आणि नळही पोलादी. गरम पोटॅश त्यांतून वर्षानुवर्षं फिरत असे आणि जाता जाता थोडं लोखंड आपल्यात घेत असे. धनाग्राला पुरेल एवढं.